डॅमसेल पाळायचाय? पाण्याइतकाच त्याचा स्वभावही सांभाळा

खाऱ्या पाण्याची पहिली टाकी लावणाऱ्याला दुकानात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "सुरुवातीला डॅमसेल घ्या, सहजासहजी मरत नाही." सल्ला खोटा नाही. क्षारता थोडी खालीवर झाली, नायट्रेट वाढलं, एखादा आठवडा पाणी बदलायचं राहिलं, तरी डॅमसेल तग धरतो. दिसायला देखणा, आकाराने बोटाएवढा, इतर सागरी माशांच्या मानाने स्वस्त. सांगायचं राहतं ते एवढंच की काही महिन्यांत हाच मासा टाकीचा मालक होऊन बसतो, आणि मग त्याच्या सोबतीला दुसरं काही सोडायचं म्हटलं की रणकंदन सुरू होतं. म्हणून इथे पाण्याबद्दल आवश्यक तेवढं सांगून स्वभावाबद्दल जरा सैल हाताने लिहिलंय.

डॅमसेल म्हणजे एकच मासा नव्हे. पोमासेंट्रिडी कुळात ४००हून अधिक जाती आहेत आणि सगळ्यांचे लाडके क्लाउनफिशही याच कुळातले. बहुतेक जाती प्रवाळांच्या किंवा खडकांच्या आसऱ्याने राहतात. एक कपार आणि तिच्या भोवतीची थोडी जागा एवढी त्यांची हद्द. तिथे घुसणाऱ्याला हुसकावून लावायचं, मग तो आकाराने दहापट का असेना. स्टेगास्टेस गटातले काही डॅमसेल तर खडकावर शेवाळाचा तुकडा राखतात, त्यातलं नको ते शेवाळ उपटून बाहेर टाकतात आणि चरायला आलेल्या मोठ्या माशांवर धावून जातात. समुद्रात हरलेला मासा चार हात लांब निघून जातो आणि भांडण तिथेच मिटतं. टाकीत लांब जायला जागाच नसते. तेच भांडण दिवसभर चालतं आणि दुबळा मासा जखमांनी किंवा उपासमारीने जातो.

कोणता घ्यायचा

पहिल्यांदाच पाळत असाल तर माझं मत सरळ आहे: यलोटेल डॅमसेल, म्हणजे क्रिसिप्टेरा पॅरासेमा. अंग गडद निळं, शेपूट हळदीसारखी पिवळी, पूर्ण वाढ साधारण ७ सेंटिमीटर. फिलिपिन्स, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं या पट्ट्यातल्या उथळ, शांत पाण्यात फांद्यांच्या प्रवाळांमध्ये तो राहतो. डॅमसेलांमध्ये हा त्यातल्या त्यात मवाळ. टालबॉट्स डॅमसेल आणि ॲझ्युअर डॅमसेल हेही याच वर्गातले, आकाराने लहान आणि निभावून नेता येण्यासारखे.

ब्लू डेव्हिल, म्हणजे क्रिसिप्टेरा सायनिया, याचा निळा रंग पाहिला की नजर हटत नाही. पण नावातच डेव्हिल आहे आणि तो त्या नावाला जागतो. मोठी टाकी असेल, सोबतीही तसेच दणकट असतील, तरच घ्या.

थ्री-स्पॉट डॉमिनो आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा हंबग यांची पिल्लं इतकी गोड दिसतात की हात आपोआप पाकिटाकडे जातो. डॉमिनो १४ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, अंगावरचे पांढरे ठिपके फिके पडत जातात, आणि त्या आकाराचा डॉमिनो टाकीत हात घातलात तर तुमच्या हातालाही चावतो. निओग्लिफिडोडॉन मेलास याची गंमत आणखी निराळी: पिल्लू वरून पिवळं आणि खाली पांढरट, मोठेपणी पूर्ण काळा, १८ सेंटिमीटरचा. दुकानातलं पिल्लू बघून विकत घेऊ नये अशा माशांची यादी केली तर हा वरच्या क्रमांकावर येईल.

ग्रीन क्रोमिस हा कुळातला त्यातल्या त्यात समंजस मासा, थव्याने पोहतो. तरी लहान टाकीत थवा ठेवला की सर्वांत कमजोर मासा आधी टोचून मारला जातो, मग त्यानंतरचा, आणि वर्षभरात सातांचे दोन उरतात. या जातीला युरोनिमा नावाच्या परजीवीचाही फार त्रास होतो. अंगावर लाल जखमेसारखा चट्टा दिसला तर तो मासा घेऊच नका.

शक्य असेल तर टाकीत पैदास झालेला मासा मागा. यलोटेल तसा मिळतो. समुद्रातून पकडलेल्या काही माशांना अजूनही सायनाइड फवारून बेशुद्ध करून पकडलं जातं, आणि असा मासा वरून धडधाकट दिसला तरी नंतर अचानक जाऊ शकतो.

दुकानात एका टाकीत वीस-पंचवीस डॅमसेल कोंबलेले असतात. सर्वांत चमकदार, सर्वांना पळवणारा, चांगली कपार बळकावून बसलेला मासा पटकन डोळ्यांत भरतो. तो घेऊ नका. तो दुकानातला दादा आहे आणि तुमच्या टाकीतही दादाच होणार. कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, पंख फाटलेलाही नको. मधला निवडा: पंख शाबूत, पोट आत गेलेलं नाही, श्वास संथ, अंगावर मिठाचे कण सांडल्यासारखे ठिपके नाहीत. मग दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. न खाणारा मासा कितीही सुंदर असला तरी तिथेच राहू दे.

टाकी आणि दगडांची रचना

एका यलोटेलसाठी आणि त्याच्या दोन-तीन सोबत्यांसाठी किमान १२० लिटरची, साधारण ९० सेंटिमीटर लांबीची टाकी धरा. ब्लू डेव्हिलसाठी २०० लिटरच्या खाली उतरू नका. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण पाठलाग आडवा होतो. १२० लिटर खाऱ्या पाण्याचंच वजन जवळपास १२३ किलो भरतं. काच, दगड, वाळू धरली की एकूण १६०-१७० किलो. स्टँड तेवढा भार पेलणारा हवा आणि पूर्ण सपाट हवा.

दगड रचताना सगळे मागच्या काचेला टेकवून एकच भिंत उभी करायची सवय असते. डॅमसेलच्या टाकीत ती रचना वाईट, कारण अख्खी भिंत एका माशाच्या ताब्यात जाते. त्याऐवजी दोन किंवा तीन वेगळे ढीग करा, मध्ये मोकळी वाट ठेवा, आणि एका ढिगावरून दुसऱ्या ढिगामागचं दिसणार नाही अशी आडोशाची योजना करा. समोरचा मासा नजरेआड झाला की डॅमसेलचा पाठलाग बऱ्याचदा तिथेच थांबतो. प्रत्येक ढिगात बोट जाईल एवढ्या दोन-चार कपारी ठेवा.

दगड आधी टाकीच्या तळावर पक्के बसवा आणि वाळू नंतर ओता. यलोटेल आवडत्या दगडाखाली बीळ करतो: तोंडात वाळू भरून घेतो, वीतभर लांब जाऊन थुंकतो, परत येतो, मध्येच शेपूट जोरात फडफडवून खळगा खोल करतो. हे काम तासन् तास चालतं. दगड वाळूवर टेकलेला असेल तर एक दिवस तो कलंडतो.

वर जाळीचं झाकण हवंच. पाठलागात सापडलेला मासा उडी मारतो, आणि कधी कधी पाठलाग करणाराही.

पाणी

नळाचं पाणी वापरू नका. आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी घ्या, ज्याचा टीडीएस (विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण) शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ असेल. त्यात अ‍ॅक्वेरियमसाठीचं सागरी मीठ विरघळवायचं. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट असं बरंच काही असतं. प्रमाण ब्रँडनुसार लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम. पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका. उलटं केलं तर कॅल्शियमचा साका तळाशी बसतो.

विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) १.०२४ ते १.०२६, तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस, पीएच ८.१ ते ८.४, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) ८ ते ११ डीकेएच. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर उत्तम, थोडं वर गेलं तरी डॅमसेल कुरकुर करत नाही. आकड्यांमागे धावण्यापेक्षा ते स्थिर ठेवण्याकडे लक्ष द्या. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) प्रमाणित द्रावणाने जुळवा. प्लॅस्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो.

टाकीतून वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ मागे उरतं. त्यामुळे रोजची भर गोड्या आरओ पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. नवशिक्यांच्या टाकीत क्षारता महिनाभर हळूहळू चढत जाते ती बहुधा इथेच.

१२० लिटरला १०० ते १५० वॉटचा हीटर पुरतो. हवा गरम असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडला की तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. मात्र बाष्पीभवन वाढतं, म्हणजे भरही जास्त घालावी लागते. पाण्यात प्रवाह निर्माण करणारे एक-दोन वेव्हमेकर आणि फेसासोबत घाण बाहेर काढणारा, टाकीच्या मापाचा प्रोटीन स्किमर एवढं असलं की यंत्रसामग्री झाली.

सायकलिंगसाठी मासा वापरू नका

नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू नसतात. ते वाढवण्यासाठी, म्हणजेच सायकलिंगसाठी, पूर्वी सर्रास डॅमसेल सोडले जात, कारण अमोनियाच्या पाण्यातही ते टिकतात. टिकतात म्हणजे कल्ले जळून घेत टिकतात. माशाच्या हालांचा विचार बाजूला ठेवला तरी व्यवहार म्हणूनही हे चुकीचं: महिना-दीड महिना रिकाम्या टाकीत एकटा राहिलेला डॅमसेल ती सगळी टाकी आपली मानतो, आणि मग पुढे येणारा प्रत्येक मासा त्याच्या लेखी घुसखोर.

मासा न घालता सायकल करणं अवघड नाही. टाकीत दगड, वाळू, खारं पाणी भरून सगळं सुरू करा. बाटलीतले जिवाणू घाला. अमोनियम क्लोराइडचं द्रावण थेंबाथेंबाने घालून अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत न्या. दोन-तीन दिवसांनी एकदा मोजत राहा. आधी अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. पुन्हा २ मिलिग्रॅम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, म्हणजे टाकी तयार. याला चार ते सहा आठवडे लागू शकतात. त्यानंतर मोठ्या प्रमाणात पाणी बदलून साचलेलं नायट्रेट कमी करा.

विलगीकरण आणि पहिला दिवस

४० लिटरची साधी टाकी, वाळू नाही, दगड नाही; एक हीटर, आधी वापरात असलेला स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. नवा मासा इथे महिनाभर. कंटाळवाणं काम आहे आणि दहातले नऊ जण ते टाळतात, पण मरीन इक आणि व्हेल्व्हेट हे परजीवींचे आजार एकदा मुख्य टाकीत शिरले की महिनाभराचा कंटाळा परवडला असं वाटतं.

पिशवीतल्या पाण्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. प्रवासात मासा श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यामुळे पिशवीतला पीएच खाली येतो. कल्ल्यांतून अमोनियाही बाहेर पडतो, पण कमी पीएचमध्ये तो बहुतांश अमोनियमच्या रूपात असतो, जे त्या मानाने निरुपद्रवी. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि अमोनियमचा विषारी अमोनिया होऊ लागतो. म्हणून लांबून आलेल्या माशाला उघड्या पिशवीत दोन-तीन तास थेंब थेंब पाणी देत बसणं त्याच्या हिताचं नसतं. त्याऐवजी दुकानदाराला त्यांच्या पाण्याची क्षारता आधीच विचारा, विलगीकरणाची टाकी तेवढ्यावर आणून ठेवा, बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा, आणि पिशवी उघडल्यावर मासा लगेच उचलून टाकीत सोडा. पिशवीचं पाणी टाकीत ओतू नका. क्षारता पुढच्या काही दिवसांत सावकाश बदलता येते.

पहिला दिवस दिवे बंद. मासा पाइपमध्ये दडून बसेल, रंग काळपट दिसेल. डॅमसेलचा निळा रंग हा रंगद्रव्याचा नसून त्वचेतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा असतो. घाबरला किंवा अंधार झाला की त्या स्फटिकांमधलं अंतर बदलतं आणि निळा मासा बघता बघता जवळजवळ काळा दिसू लागतो. खातोय, पोहतोय, तर अशा वेळी औषधाकडे धावायचं कारण नाही.

कोणाला आधी, कोणाला नंतर

नियम एकच आणि तो मोडायचा नाही: डॅमसेल सगळ्यांत शेवटी. बाकीचे मासे आपापल्या जागा धरून बसलेले असले की नवा आलेला डॅमसेल उरलेल्या कोपऱ्यात जमवून घेतो. एका टाकीत एकच डॅमसेल ठेवा. "जोडी करू या" हा मोह टाळा, कारण दुकानातून आणलेले दोन मासे जोडी होत नाहीत, प्रतिस्पर्धी होतात. मोठ्या टाकीत यलोटेलची पाच-सहा पिल्लं एकदम सोडून गट ठेवता येतो, पण त्यातले सगळे टिकतील असं धरून चालू नका.

सोबती निवडताना स्वतःची जागा राखणारे निवडा. क्लाउनफिशची जोडी, रॉयल ग्रामा, सिक्स-लाइन रास, तळाशी पिस्तूल कोळंबीसोबत बिळात राहणारा वॉचमन गोबी. मोठ्या टाकीत कोरल ब्युटीसारखा बुटका एंजलफिश. फायरफिश, समुद्रघोडे, पाइपफिश यांना डॅमसेलसोबत कधीच ठेवू नका. फायरफिश तर धाकानेच बाहेर उडी घेतो. डॅमसेलसारखाच आकार आणि निळा रंग असलेला मासा त्याला विशेष खुपतो. उलट्या टोकाला लायनफिश आणि ग्रुपर. त्यांच्यासाठी डॅमसेल म्हणजे एका घासाचा खाऊ. प्रवाळ, गोगलगायी, क्लीनर कोळंबी यांना तो सहसा त्रास देत नाही, त्यामुळे रीफ टाकीत चालतो.

डॅमसेल आधीच टाकीत असेल आणि नवा मासा आणायचाच असेल, तर भोकं असलेली पारदर्शक पेटी मुख्य टाकीत बसवून नव्या माशाला त्यात आठवडाभर ठेवा. पहिले दोन दिवस डॅमसेल पेटीवर धडका देईल. पंख ताठ करून, अंग आडवं धरून, शेपटीचा फटकारा मारेल. टाकीजवळ कान नेलात तर टक-टक असा आवाजही ऐकू येऊ शकतो, कारण डॅमसेल भांडताना खरोखर आवाज काढतात. हळूहळू त्याचा रस कमी होतो. तो पेटीजवळून बिनघोर जाऊ लागला की सोडायचं. सोडण्याआधी दगडांची जागा बदला, म्हणजे जुन्या हद्दी पुसल्या जातात. डॅमसेलला आधी पोटभर घाला. आणि दिवे मालवल्यावर सोडा. दुसऱ्या दिवशी बाहेरून काचेला एक छोटा आरसा टेकवून ठेवला की डॅमसेल काही वेळ स्वतःच्याच प्रतिबिंबाशी झुंजतो आणि नव्या माशाला उसंत मिळते. आरसा दिवसभर ठेवू नका, तोही दमतो.

थोडीफार धावपळ होणारच. नवा मासा जेवायला बाहेर येतो का, एवढं बघा. येत असेल तर वाट पाहा. वरच्या कोपऱ्यात हीटरमागे अडकून बसला, पंख फाटू लागले, तर त्याच दिवशी दोघांपैकी एकाला हलवा.

खाणं

समुद्रात हा मासा दिवसभर प्रवाहातून येणारे बारीक जीव टिपतो आणि जोडीला शेवाळ कुरतडतो. म्हणून एकदा भरपूर घालण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा थोडंथोडं, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोठवलेली मायसिस कोळंबी टाकीच्या थोड्या पाण्यात वितळवून गाळून घ्या, ते गाळलेलं पाणी फेकून द्या. जोडीला सागरी माशांच्या बारीक पेलेट, स्पिरुलिना असलेलं खाद्य, मधूनमधून नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा. नुसत्या ब्राइन श्रिम्पवर ठेवू नका, पोषण कमी पडतं. खाद्य वेव्हमेकरच्या प्रवाहात सोडलं तर सगळ्या टाकीत पसरतं आणि डॅमसेल एका जागी उभा राहून सगळं हडप करू शकत नाही. पोट भरलेला डॅमसेल कमी भांडतो, हे कुणालाही घरच्या घरी पडताळता येईल.

देखभाल आणि आजार

आठवड्याला १० टक्के पाणी बदला, नव्या पाण्याची क्षारता आणि तापमान जुळवून. वीज जाण्याची शक्यता असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवा. बाकी आतल्या काचेवरचं शेवाळ, स्किमरचा कप, ही नेहमीची कामं.

अंगावर मिठासारखे सुटे ठिपके दिसले, मासा दगडाला अंग घासू लागला, तर मरीन इक. सोन्याची भुकटी लागल्यासारखा बारीक थर, जोरजोरात श्वास, प्रवाहासमोर तोंड करून उभं राहणं, हे व्हेल्व्हेटचं लक्षण. हा दोन-तीन दिवसांतही मारू शकतो, तिथे उद्यावर ढकलू नका. दोन्हींवर तांब्याचं औषध चालतं, पण ते फक्त वेगळ्या टाकीत, औषधाच्या सूचनेप्रमाणे आणि तांब्याच्या टेस्ट किटने रोज मोजून. मुख्य टाकीत तांबं गेलं की प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी संपल्या. तिथले परजीवी माशांविना मरावेत म्हणून सगळे मासे बाहेर काढून मुख्य टाकी माशांशिवाय ठेवावी लागते. त्यासाठी शौकिनांमध्ये ७६ दिवसांचा आकडा रूढ आहे.

बाहेर काढायची वेळ आली तर

जाळं घेऊन मागे लागू नका. दगडांच्या कपारींमध्ये तो तुम्हाला कधीच सापडणार नाही आणि बाकीचे मासे घाबरून जातील ते वेगळंच. दार खाली पडणारा पारदर्शक सापळा टाकीत ठेवा आणि तीन-चार दिवस दार उघडं ठेवून खाद्य फक्त त्याच्या आतच घाला. डॅमसेल सर्वांत धीट आणि हावरा, त्यामुळे आत जाणारा पहिला बहुधा तोच असतो. सरावला की दाराची दोरी सोडा.

मोठ्या टाकीतल्या गटात कधी एखादी जोडी खरोखर जमते. नर एखादी कपार किंवा शिंपला चोखून स्वच्छ करतो, मादी तिथे अंडी चिकटवते आणि निघून जाते. पुढचे साधारण चार दिवस नर पंखांनी अंड्यांना वारा घालत राखण करतो. पिल्लं इतकी बारीक असतात की त्यांना कोपेपॉड या इवल्या कवचधारी जीवांची सूक्ष्म पिल्लं खायला लागतात, ते स्वतंत्र प्रकरण आहे. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की त्या दिवसांत नर एरवीच्या दुप्पट चिडका होतो. दगड हलवणं, वाळू उपसणं, नवा मासा सोडणं, सगळं पुढे ढकला. काच पुसायचीच असेल तर दुसऱ्या बाजूची पुसा.